टेम्पोतून आलेलं वसतिगृह

मी आजवर किमान वीस वेळा बाळंत झालो आहे. चार वेळा विधवा झालो. एकदा सरपंचकीला पडलो, एकदा निवडून आलो, आणि पोखर्णीच्या रस्त्यावर एका आंब्याखाली बसून सासूबद्दल जे काही बोललो, ते या अंकात छापता येणार नाही. हे सगळं इंग्रजीत. माझा धंदाच तसा होता. मी दुभाषा होतो.

परभणीत दुभाष्याला काय काम, असं आमच्या सोयऱ्यांनाही वाटायचं. तर त्याचं असं, की एका फार मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं डोकं युरोपात होतं, पोट दिल्लीत होतं आणि शेपूट परभणीत, एका खताच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. शेपटीत मी होतो आणि एक प्रिंटर होता. संस्थेचं नाव सांगत नाही. तिच्या गाड्या पांढऱ्या होत्या आणि त्यांच्या दारांवर चिन्ह होतं, एवढं पुरे.

आमचं काम मात्र चांगलं होतं. दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी कुटुंबं ऊस तोडायला जातात, ती पार उन्हाळ्यापर्यंत. आई-बाप गेले की पोरंही ट्रकवर चढतात, आणि शाळा तिथेच तुटते. तेव्हा पोरांना गावातच ठेवायचं, शाळेच्या एका खोलीत झोपवायचं, गावातल्याच एका बाईनं दोन वेळा रांधून घालायचं. याला हंगामी वसतिगृह म्हणत. अशी बारा वसतिगृहं आमच्या संस्थेची होती. म्हणजे कागदावर बारा होती. त्या वेळी मला वाटायचं, बाराच्या बारा आहेत. मी पाहिलेली तीन होती. बाकीची दुसऱ्या कोणीतरी पाहिली असतील, असं मी धरून चाललो होतो. मोठ्या संस्थेत प्रत्येक जण असंच धरून चालतो.

आता धंद्याचा पहिला नियम सांगतो, म्हणजे सुरुवातीच्या बाळंतपणांचा उलगडा होईल. दुभाष्यानं ‘ही बाई म्हणते की ती आजारी आहे’ असं सांगायचं नसतं. ‘मी आजारी आहे’ असंच सांगायचं. समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’. आपण स्वतः त्या खोलीत नसतोच. पुण्यात तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तिथल्या बाई म्हणाल्या, “काच व्हा.” मी मान डोलावली. पण ज्यानं गॅदरिंगमध्ये सलग पाच वर्षं खलनायक केला, राज्य नाट्यस्पर्धेत एकदा उत्तेजनार्थ मिळवलं, तो माणूस काच कसा होणार? मी काच झालो नाही. मी पडदा झालो, तोही रंगवलेला.

हा गुण आमच्या दिल्लीच्या साहेबांनी बरोबर हेरला. भ्रष्ट माणूस कसा दिसतो हे मला सिनेमामुळे पक्कं माहीत होतं: जाड मान, हातात अंगठ्या, मोठ्यानं हसणं. आमचे साहेब सडपातळ होते, हळू बोलायचे, ड्रायव्हरच्या मुलीचं नाव लक्षात ठेवायचे. माझ्या वडिलांच्या गुडघ्यासाठी त्यांनी दिल्लीहून पट्टा आणून दिला होता. वडील जाईपर्यंत तो पट्टा वापरत होते. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढं काय झालं ते कळल्यावर लोक मला विचारतात, “तुला आधी कळलं कसं नाही?” अरे, पट्टा चांगला होता.

मी पाहिलेल्या तिन्ही वसतिगृहांत भिंतीवर एकेक पिवळी पेटी असायची. ‘जबाबदारी पेटी’ हे नाव युरोपातून आलं होतं. गावकऱ्यांनी संस्थेविरुद्ध तक्रार त्यात टाकायची. किल्ली माझ्याकडे. दर आठवड्याला पेटी उघडायची, निघेल ते इंग्रजीत करायचं, वर पाठवायचं.

पेटीत काय निघायचं? लग्नपत्रिका. आमच्याकडे पहिली पत्रिका देवाला, मग भावकीला, मग ज्यांच्या हातात काही आहे अशा सगळ्यांना. संस्थेला कुठं द्यायची, तर पेटी आहेच. कोपऱ्याला हळद-कुंकू लावलेल्या त्या पत्रिकांचंही मी भाषांतर करायचो, ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’पासून ‘मामाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत. एकदा कुणाचा तरी दुधाचा दात निघाला. एकदा मोठ्या अक्षरात चिठ्ठी आली: ‘भेंडी नको.’ मी लिहिलं, लाभधारकाची भेंडीस हरकत आहे. तीन आठवड्यांनी युरोपातून उत्तर आलं की विषय गांभीर्यानं घेतला आहे, स्थानिक पातळीवर समिती नेमावी. समिती नेमली. भेंडी बंद झाली. मला संस्थेचा फार अभिमान वाटला. जी संस्था परभणीच्या एका पोराची भेंडी ऐकते, ती काय ऐकणार नाही?

आता द्वारकामावशी. चुडाव्याच्या पलीकडचं गाव. नाव लिहीत नाही. आपण त्याला खरं गाव म्हणू, कारण तिथलं वसतिगृह खरं होतं. द्वारकामावशी तिथं रांधायच्या आणि रात्री पोरांजवळ झोपायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, उभ्या अंगाच्या, नाकात मोरणी. तरुणपणी सोळा हंगाम ऊस तोडलेला. पँट घातलेल्या प्रत्येकाला त्या ‘सर’ म्हणत. मी इंग्रजी बोलायचो म्हणून ‘इंग्रजी सर’.

त्यांची लेक सेलूच्या बाजूला दिलेली. त्या गावाला आपण कागदी गाव म्हणू. लेक-जावई दर हंगामाला उसाला जायचे आणि नात, नऊ वर्षांची कोमल, धाकट्या भावाला सांभाळायला सोबत जायची. एका दिवाळीनंतर मावशींनी कोमलला आपल्याकडे आणलं आणि हजेरीला बसवलं. मी टॅब्लेटवर तिचं नाव भरलं. टॅब्लेटनं लाल अक्षरात सांगितलं, ही मुलगी आधीच एका वसतिगृहात राहते.

“मावशी,” मी म्हणालो, “कोमल तर तिकडच्या वसतिगृहात आहे.”

“तिकडं वसतिगृह न्हाई सर. तिकडं सोयाबीनचं गोदाम हाय.”

“यात दाखवतंय ना पण.”

“मंग त्या तुमच्या हातातल्या पाटीलाच इचारा, पोरगी रात्री कुठं निजायली ते.”

मी पाटीला विचारलं नाही, साहेबांना फोन केला. साहेब हळू आवाजात म्हणाले, काम चालू आहे, यादी जरा पुढं गेली आहे आणि इमारत जरा मागं आहे, तेवढं सांभाळून घ्या. नाव दोनदा लागत नाही आणि चाळिसाच्या वर पोर ठेवता येत नाही, हेही म्हणाले. जे वसतिगृह नव्हतं त्यात कोमलचं नाव होतं, म्हणून जे होतं त्यात तिला जागा नव्हती. कोमल माघारी गेली आणि त्या वर्षी ऊसफडाच्या कडेला भावाला कडेवर घेऊन बसली.

तेव्हापासून द्वारकामावशींचं संस्थेकडे एकच मागणं होतं. तिकडचं नाव काढा, इकडं घाला. मी गेलो की पाणी द्यायच्या आधी विचारायच्या, “निघालं का नाव?”

पुढच्या हंगामात युरोपातून एक बाई पाहणीला येणार असं ठरलं. संस्थेला पैसा देणाऱ्यांपैकी मोठ्या बाई. नेहमी असे पाहुणे आले की आम्ही त्यांना खऱ्या गावी न्यायचो. बायका गाणं म्हणायच्या, पोरं हात धुण्याचं नाटक करायची. नाटक मीच बसवलेलं. पण या बाईंनी यादी मागवली आणि स्वतःच्या बोटानं एक गाव निवडलं. बोट नेमकं कागदी गावावर पडलं.

साहेबांचा फोन आला. “तीन दिवस आहेत. तुम्ही नाटकातले ना?”

खरं सांगतो, आधी मला धक्का बसला आणि लगेच हुरूप आला. दोन्ही एकाच मिनिटात. गोदाम झाडून घेतलं. सोयाबीनचा वास जाईना म्हणून दोन पुडे उदबत्त्या लावल्या. भिंतीला कॅलेंडर टांगलं आणि त्याची सरलेल्या महिन्यांची पानं फाडून टाकली, म्हणजे खोली महिनोन्‌महिने वापरात आहे असं दिसावं. खऱ्या गावच्या चाळीस पोरांच्या वळकट्या आणून रांगेनं मांडल्या. दाराबाहेर लहान चपलांची एक ओळ लावली आणि त्यातली एक चप्पल मुद्दाम उलटी ठेवली. ती उलटी चप्पल म्हणजे माझ्या कलेचा कळस होता. आजही ती आठवली की आधी अभिमान वाटतो, मग लाज. क्रम बदलावा असं फार वाटतं, बदलत नाही.

पोरं पहाटे टेम्पोत बसली. सोबत भांडी आणि द्वारकामावशी. त्या तयार झाल्या त्याचं कारण मीच होतो. त्यांनी विचारलं होतं, “त्या बाईला मला बोलता यील का?” मी म्हणालो होतो, “येईल की.”

बाई आल्या. सहा फूट उंच, उन्हानं लाल झालेल्या, डोळे फार मायाळू. उलट्या चपलेपाशी थांबल्या, वाकून ती सरळ केली. मग आत येऊन चुलीपाशी जमिनीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, या बाईंना विचारा, त्यांना काय सांगावंसं वाटतं.

द्वारकामावशींनी पदर नीट केला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, थेट उंच बाईंकडे बघत होत्या.

“बाई, ही पोरं माझ्या गावची हायेत. सकाळी टेम्पोत घालून आणलीत, दिस मावळायच्या आत माघारी न्यायलेत. इथं कायबी न्हाई. इथल्या पोरांची नावं कागदावर हायेत न् पोरं उसात हायेत. माझी नात बी उसातच हाय, लय लांब. तिचं इथलं नाव काढा न् माझ्याकडं घाला. तिची जिम्मेदारी मी घेते. बास, एवढंच.”

बाईंसोबत आलेले साहेब माझ्या समोरच उभे होते. त्यांनी डोळे वटारले असते तर सोपं झालं असतं. ते माझ्याकडे बघून हसले, जुन्या मित्राकडे बघावं तसं.

आणि मी इंग्रजीत म्हणालो, “मलाही एक नात आहे. ती फार लांब आहे. पण या चाळीस पोरांत मला तीच दिसते. यांची जबाबदारी मी घेतली आहे.”

बघा, सगळे तुकडे खरे होते. नात, लांब, चाळीस, जबाबदारी. शिवण तेवढी माझी होती.

उंच बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पुढं होऊन द्वारकामावशींना मिठी मारली. मावशी आधी अवघडल्या, मग त्यांनीही बाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याही रडायला लागल्या. बाईंच्या खांद्यावरून त्या माझ्याकडे बघत होत्या. तो चेहरा मी विसरलेलो नाही. काम झालं, असा तो चेहरा होता.

परतीच्या टेम्पोत पोरं गाणी म्हणत होती. मावशींनी फडकं सोडलं, अर्धी भाकरी मोडून ठेचा लावून माझ्या हातावर ठेवली.

“सर,” त्या म्हणाल्या, “तुमी लय बरोबर सांगितलं. न्हाईतर ती बाई रडली नसती.”

मी भाकरी खाल्ली. दुसरं काय करणार होतो?

मग मावशी वाट बघत राहिल्या. एक महिना, दोन महिने. संस्थेचा गुळगुळीत कागदावरचा अहवाल आला, त्यावर मावशींचा फोटो. तो त्यांनी माझ्या हातात बघितला.

“माझं म्हणणं छापलं का हो?”

“छापलं.”

“मंग नाव का निघंना? बाई तर रडली.” त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं. “रडून इसरली आसंल. मोठी माणसं हायेत, कामं लय आस्तेत. तुमी आसं करा सर, मी सांगते तसं लिवा. त्या पिवळ्या पेटीत टाकते.”

मी लिहिलं. त्या एकेक वाक्य सांगत होत्या, मी लिहीत होतो, आणि का कुणास ठाऊक, लिहिताना मला शिवण घालता येईना. त्यांनी अंगठा उठवला, चिठ्ठी पेटीत टाकली. मी खिशातून किल्ली काढून त्यांच्यासमोर पेटी उघडली आणि तीच चिठ्ठी बाहेर काढली. मावशी हसल्या. “आसं हाय व्हय. मंग हातातच दिली आस्ती की.”

“नाही मावशी, पेटीतूनच जावी लागते.”

त्या दुपारी मी शब्दाला शब्द ठेवून तिचं इंग्रजी केलं आणि थेट युरोपातल्या पत्त्यावर पाठवलं. माझ्या अंगात एकदम धैर्य आलं होतं असं वाटायचं कारण नाही. खाली मावशींचा अंगठा होता, माझं नाव कुठंच नव्हतं.

आता मोठ्या संस्थांची एक गंमत सांगतो. तक्रार वर चढते, मजला मजला. शेवटच्या मजल्यावर कुणीतरी विचारतं, या विषयाचा जबाबदार अधिकारी कोण? आणि तक्रार उत्तरासाठी त्याच्याकडे खाली उतरते. भेंडीची तक्रार माझ्याकडे उतरली होती. ही साहेबांकडे उतरली. त्यांचा फोन आला. “तुमचं इंग्रजी फार छान आहे. मी लगेच ओळखलं.” रागावले नाहीत. संगणकावर तक्रारीपुढं हिरवी खूण आली: निराकरण झाले.

मी मावशींना सांगितलं, हिरवं झालं.

“नाव निघालं?”

“नाही.”

“मंग परत लिवा.”

पुढच्या आठवड्यात परत, त्याच्या पुढच्या आठवड्यात परत. मजकूर तोच, अंगठा तोच. मी एकदा म्हणालो, “मावशी, जरा बदलून लिहू का?” तर म्हणाल्या, “बदलायला काय झालंय? नात बदलली का?” सात वेळा ती चिठ्ठी गेली. सहा वेळा हिरवी झाली. सातव्यांदा युरोपातल्या कुठल्याशा यंत्रानं आपोआप घंटी वाजवली. एक तक्रार म्हणजे एक बाई असते, तिला उत्तर देता येतं. सात तक्रारींचा आलेख होतो, आणि आलेखाला संस्था घाबरते.

चौकशीसाहेब आले. एकटेच, बसनं. साठीकडे झुकलेले, काळेसावळे, आफ्रिकेच्या पलीकडच्या एका बेटावरचे. त्यांच्या बेटावरही ऊसच होता. खऱ्या गावच्या खोलीत ते मावशींच्या चुलीसमोर पोत्यावर बसले. त्यांचा दुभाषा मीच. जिल्ह्यात दुसरा होता कोण?

त्यांनी फाईल उघडली, त्यात तो गुळगुळीत अहवाल होता. त्यांनी वाचून प्रश्न विचारला, आणि तो मला मराठीत करावा लागला.

“तुम्ही त्या वेळी सांगितलंत, ‘या चाळीस पोरांत मला माझी नात दिसते, यांची जबाबदारी मी घेतली आहे.’ मग आता चिठ्ठ्यांमध्ये वेगळं का सांगता?”

मावशींचा भाकरी थापणारा हात थांबला.

“मी आसं म्हणले?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तव्याकडे बघत होतो. तव्यावरची भाकरी एका कडेनं करपत चालली होती, आणि ती उलटायला हव्या त्या बाई माझ्याकडे बघत होत्या.

मग त्या चौकशीसाहेबांकडे वळल्या. आवाज चढवला नाही.

“सायब, मी जे म्हणले ते ह्या माणसानं सांगितलंच न्हाई. मी दुसरंच म्हणले होते. माझा ह्या माणसावर भरोसा होता. मी ह्याला भाकर दिली होती.”

आजवर मला ‘सर’ म्हणणाऱ्या बाईनं पहिल्यांदा ‘हा माणूस’ म्हटलं होतं.

त्या खोलीत दोन्ही भाषा येणारा मी एकटाच होतो. मी काहीही सांगू शकलो असतो. मी तितका हुशार आहे, हे तुम्हाला आता ठाऊक आहे. नोकरी, घरभाडं, वडिलांचा गुडघा, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. आणि धंद्याचा पहिला नियम आठवला. समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’.

मी इंग्रजीत म्हणालो, “मी जे म्हणाले ते या माणसानं सांगितलं नाही. मी दुसरंच म्हणाले होते. माझा या माणसावर विश्वास होता. मी याला भाकरी दिली होती.”

चौकशीसाहेबांचं पेन थांबलं. “कोणत्या माणसानं?”

नियम म्हणजे नियम. मी मावशींना मराठीत विचारलं, “कोणत्या माणसानं?”

मावशींनी पिठाचा हात उचलून माझ्या छातीकडे केला. “ह्यानं.”

मी इंग्रजीत म्हणालो, “यानं,” आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. राज्य नाट्यस्पर्धेत उत्तेजनार्थ मिळवलेल्या माणसानं आयुष्यात एकच वाक्य अभिनय न करता म्हटलं असेल, तर ते हे.

मग चौकशीसाहेबांनी त्या दिवशी मावशी काय म्हणाल्या होत्या ते विचारलं, मावशींनी सांगितलं, मी शब्दाला शब्द ठेवून दिलं. शेवटी त्यांनी विचारलं, “या सगळ्यात तुम्हाला काय हवं आहे?” मला वाटलं, आता मावशी माझी नोकरी मागतील. मागितली असती तर मी तेही बरोबर सांगितलं असतं.

“कोमलचं तिकडचं नाव काढा,” मावशी म्हणाल्या. “इकडं घाला.”

चौकशीसाहेबांनी फाईलमधून कागदी गावाची यादी काढली, कोमलचं नाव शोधलं, त्यावर पेनानं रेघ मारली, खऱ्या गावच्या यादीत खाली एक्केचाळिसावं नाव लिहिलं आणि सही केली. “हे माझ्या अधिकारात नाही,” ते मला म्हणाले. “हे भाषांतर करू नका.” मी केलं नाही. माझ्या कारकिर्दीत मी मुद्दाम गाळलेलं हे एकच वाक्य मला टोचत नाही. पुढच्या आठवड्यात जावयानं कोमलला आणून सोडलं. ती टॅब्लेटवर हिरवी झाली.

बाकीचा न्याय कसा झाला तेही सांगायला हवं. साहेबांनी ‘नव्या वाटा धुंडाळण्यासाठी’ संस्था सोडली. निरोपाचं कार्ड निघालं, त्यावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. आता ते दुसऱ्या मोठ्या संस्थेत असतात आणि जबाबदारी या विषयावर व्याख्यानं देतात, असं ऐकतो. छान देत असतील. माझा करार पुढं वाढला नाही, ते योग्यच झालं. उंच बाईंना मी पत्र लिहिलं: त्या दिवशी चुलीपाशी जे बोललं गेलं त्याचं खरं भाषांतर खालीलप्रमाणे. उत्तर आलं नाही.

आणि संस्थेनं जाहीर केलं की गैरव्यवहाराबाबत तिची सहनशीलता शून्य आहे, म्हणून जिल्ह्यातला सगळा कार्यक्रम बंद करण्यात येत आहे. सगळा म्हणजे कागदावरची नऊ आणि खरी तीन.

त्या दिवाळीनंतर ट्रक लागले तेव्हा मी खऱ्या गावी गेलो होतो. माझं तिथं काही काम नव्हतं. वळकट्यांच्या ढिगावर पोरं बसली होती. वळकट्या मी ओळखल्या. त्या मी एकदा गोदामात रांगेनं मांडल्या होत्या. एक बाई ट्रकच्या फाळक्यावरून मला म्हणाली, “सर, तकरार करून काय मिळालं वो आमाला?” तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी पहिल्याच दिवशी खरं बोललो असतो तर संस्थेनं तेव्हाही असंच केलं असतं का? कदाचित. पण ते कदाचित माझ्यामुळे कायमचं कदाचित राहिलं.

द्वारकामावशींनी सात पोरं स्वतःच्या घरात ठेवून घेतली. आई-बापांनी ज्वारीची पोती टाकली. सातांत कोमल होती. तेहतीस-चौतीस पोरं ट्रकवर गेली. मी रविवारी पॅसेंजरनं चुडाव्याला उतरून त्या सात पोरांना इंग्रजी शिकवायला जाऊ लागलो. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. घरी ही म्हणते, “रविवार आला की तुम्हाला शिक्षा भोगायला जायचं असतं.” तिला माझं सगळं भाषांतर न करता कळतं.

मावशी मला चहा द्यायच्या. इतकी वर्षं प्रत्येक रविवारी चहा. समोर तव्यावर भाकऱ्या टम्म फुगत असायच्या, पोरांच्या ताटात पडायच्या. मला चहा. आणि ‘सर’ही नाही. “आले का,” एवढंच.

गेल्या महिन्यात त्या गावात पुन्हा एक पांढरी गाडी आली. दुसरी संस्था, दुसरं चिन्ह. त्यांना हंगामी वसतिगृह काढायचं आहे. त्यांनी दुभाषा म्हणून मलाच विचारलं. बावन्नाव्या वर्षी माझ्या अंगात परत हुरूप आला. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

मावशी आता थकल्या आहेत, कंबरेत वाकल्या आहेत. मी पाहुण्यांच्या शेजारी बसायला लागलो, तशा म्हणाल्या, “तुमी तिकडं बसा. कोमल सांगल.”

कोमल सतरा वर्षांची आहे, अकरावीला सेलूला असते. ती आजीच्या शेजारी बसली. मी भिंतीला टेकलो.

मावशी पाहुण्यांना म्हणाल्या, “वसतिगृह काढा, चांगलं हाय. पण आधी पोरांची यादी मला दावा. मी वाचून घीन माझ्या नातीकडनं. ज्या गावात नाव हाय त्या गावात पोरगं पायजे. मागच्या बारीला तसं झालं न्हाई. मागच्या बारीला माझं बोलणं बदलून सांगितलं. ज्यानं सांगितलं तो तिथं बसलाय, भिताडापाशी.”

कोमल एक क्षण थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी तिला शिकवलेल्या इंग्रजीत, जरा अडखळत, क्रियापदं सांभाळत, तिनं सगळं सांगितलं. “मी यादी वाचून घेईन,” असं म्हणाली, “माझ्या नातीकडून,” असंही म्हणाली, स्वतःबद्दल. आणि शेवटी म्हणाली, तो माणूस तिथं भिंतीपाशी बसला आहे. पाहुण्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला, हजेरीला करतात तसा.

मावशी माझ्याकडे वळल्या. “बरोबर सांगितलं का पोरीनं?”

मला क्षणभर प्रश्न कळलाच नाही. मग कळलं. त्या मला विचारत होत्या. त्या खोलीत दोन्ही भाषा येणारी आम्ही दोघंच होतो, आणि नातीनं खरं सांगितलं की नाही हे त्या माझ्याकडून तपासून घेत होत्या.

“तेच सांगितलं, मावशी,” मी म्हणालो. “एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही.”

“भिताडापाशीचं बी?”

“तेही सांगितलं.”

त्यांनी मान हलवली. मग चुलीकडे सरकल्या, तव्यावरची भाकरी काढली, पितळीत ठेवली, कडेला ठेचा घातला आणि पितळी माझ्यापुढं सारली.

“जेवा सर,” त्या म्हणाल्या. “गरम हाय तवर.”